गुळाची भिंत

हंगाम संपून साखर कारखान्याचा पट्टा पडला, उसाच्या गाड्या थांबल्या आणि रस्त्याकडेला सांडलेलं वाळकं पाचट वाऱ्यावर पळायला लागलं, की माझं डोकं फिरतं. चैत्र आला म्हणून माणसांना बरं वाटतं. कैऱ्या येतात, लिंब फुलतो, पोरांच्या परीक्षा संपत येतात. मला मात्र त्या दिवसांत कुणी काही विचारू नये. सुना एकमेकींना डोळ्यांनी खुणावतात आणि मुकाट्यानं कामाला लागतात. त्यांचं बरोबरच आहे. चैत्रात मी भांडकुदळ असते.

याला कारण वारा. लासुर्ण्याहून शेळगावकडं जाताना मध्ये जी वस्ती लागते, तिथं माझं घर. ऊस तुटून गेलेला असतो, रानं उघडी पडलेली असतात, वाऱ्याला अडवायला काही उरत नाही. दुपारची जेवणं झाली की तो उठतो. पत्रे वाजवतो, वाळत घातलेलं धुणं बाभळीवर नेऊन टाकतो, पिठात माती कालवतो. धाकटी सून परवा म्हणाली, "आई, काय मस्त वारा सुटलाय." मी तिच्याकडं नुसतं बघितलं. बिचारी घाबरून आत गेली. नंतर मलाच वाईट वाटलं, म्हणून तिला चहा करून दिला.

आणि मला नाटकाचा राग आहे, हेही एकदाचं सांगून टाकते. आमच्या वस्तीत दरसाल यात्रेला नाटक व्हायचं. नव्वद सालानंतरची ती वर्षं. आजूबाजूची गावं यात्रेला व्हिडिओ आणायची, ऑर्केस्ट्रा आणायची, आमच्या लोकांना मात्र नाटकाचंच वेड. रानाला पाळी घालायची एक वेळ राहील, पण तालीम चुकायची नाही. गुढीपाडव्याला देवळापुढं नाटकाचा नारळ फुटायचा. नारळ फोडताना ज्याचं नाव ज्या कामासाठी घेतलं, त्यानं ते काम करायचंच. घरात दुखणं असो, रानात मोटर जळो. देवापुढं फुटलेला नारळ मागं घेता येत नाही, अशी रीत. कुणी घालून दिली देव जाणे, पण तिच्यापुढं चांगली शहाणीसुरती माणसं मान खाली घालायची.

आमचे हे, म्हणजे वस्तीचे बापूराव, त्या नाटकाचे हिरो. शिक्षण बेताचं, अंगकाठी बेताची, पण आवाज! बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या रानातला माणूस खुरपं टाकून उभा राहायचा. त्या आवाजावर मी लग्नाला हो म्हटलं होतं, आता लाजायचं काय कारण? बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन "मीठ बरोबर हाय" एवढंच बोलले होते. आमच्या इंदापूरच्या घराच्या स्वयंपाकघरात आत्या म्हणाली होती, "अगं बाई, ह्याला भोंग्याची गरजच न्हाय."

मी लग्नाआधी शिवणक्लास केलेला. माहेराहून शिलाई मशीन आलं, आणि मशीन आलं म्हणजे नाटकाचा कपडेपट माझ्याच गळ्यात. जुन्या साड्यांचे काठ काढून अंगरखे, शर्टाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे कमरपट्टे, पोत्याला चंदेरी रंग देऊन चिलखतं. सासऱ्यांकडं, आमच्या आबांकडं, एके काळी मोठा कळप होता. पुढं विहिरीला पाणी लागलं, ऊस आला, कळप गेला, दारापुढं चार मेंढरं राहिली. मेंढरांचं छप्पर तेवढं रिकामं उभं होतं. तिथं आमचं सगळं काम चालायचं. एका कोपऱ्यात माझं मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात तात्यांची सरस शिजवायची चूल. तात्या म्हणजे आमचे पेंटर. बैलगाड्या, ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि यात्रेच्या दिवसांत राजवाडे रंगवायचे. शिजलेला सरस, चुना, गोणपाटाची धूळ, मशीनचं तेल आणि जमिनीत मुरलेला मेंढरांचा वास, सगळं एकात एक मिसळलेलं. राग असला तरी खोटं कशाला बोलू, तो वास मला आवडायचा.

त्या साली दिवाळीपासूनच यांचा आवाज बसला होता. रात्रपाळीचं पाणी धरून गारठा बाधला असेल, असं आम्ही धरून चाललो. अडुळसा झाला, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. पाडव्याला घोगऱ्या आवाजातच नारळ फुटला. गुरुजींनी, म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन नाटकं लिहिणाऱ्या आमच्या गुरुजींनी, यांचं नाव मोठ्या कामासाठी घेतलं. किल्लेदाराचं काम. शेवटच्या अंकात किल्ला शत्रूच्या हाती जातो आणि किल्लेदार एकटा तटाच्या भिंतीपाशी उभा राहून लांबलचक बोलतो. गुरुजींनी ते भाषण यांच्याच गळ्यासाठी लिहिलेलं.

पाडव्यानंतर मी यांना ओढतच बारामतीला नेलं. डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं, एकदा बघितलं, परत बघितलं, आणि पुण्याची चिठ्ठी दिली. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. गाठ स्वरयंत्रावर आहे. ते काढावं लागेल. नंतर मानेला पुढं एक भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. हे शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, "मग बोलायला कधी येईल?" डॉक्टर टेबलावरची पट्टी सरळ करत म्हणाले, "बोलणं नाही येणार." आणि आमचा हा माणूस विचारतो काय, "यात्रा झाल्यावर केलं तर चालंल का?"

"कसली यात्रा?" डॉक्टरांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, मी यांच्या जागी असतो तर उद्याच टेबलावर झोपलो असतो." तारीख मिळाली ती यात्रेच्या आधीची. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. म्हटलं, सुटलो. नाटकाची कटकट आपोआप गेली.

कुठली जायला! निमगाव केतकीच्या बाजारच्या दिवशी हे म्हणाले, चल, भाजी घेऊन येऊ. मला वाटलं, माणसात फिरून बरं वाटेल. बाजारात गेल्यावर मला गवारीच्या ढिगापाशी सोडून हे टेलिफोनच्या बूथमध्ये शिरले. मी पिशवी घेऊन मागोमाग गेले तर काचेआड उभे, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला, मानेच्या शिरा ताणलेल्या. पुण्याच्या दवाखान्यात फोन लावला होता आणि पलीकडच्या माणसाला यांचं बोलणं ऐकूच जात नव्हतं. "तारीख," हे म्हणत होते, "तारीख फुडं ढकला... फुडं..." बाहेर मला निव्वळ खरखर ऐकू येत होती, शब्द ओठांवरून कळत होते. शेवटी बूथवाल्या पोरीनं यांच्या हातातून फोन घेऊन सांगितलं, की पेशंट यात्रेनंतर येतो म्हणतोय. मी दारातच उभी होते. आत जाऊन तो फोन हिसकावून घ्यायला पाहिजे होता असं तुम्ही म्हणाल. घेतला होता. तोवर पलीकडून ठेवून दिला होता.

घरी येताना एसटीत मी तोंड सोडलं. "जिवाची काय पडलीय का न्हाय तुमाला? पोरं लहान हायती. काय करायाचंय ते नाटक?"

"नारळ फुटलाय," हे म्हणाले.

"फुटू दे! मी जाते देवळात. मी सांगते देवाला."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. लासुर्ण्याचा फाटा जवळ आला तेव्हा म्हणाले, "अगं, एकदा. एकदाच बोलू दे. मग तू म्हणशील तितं चलतो." रडायला आलं, पण शेजारी कोंबड्यांची डालगी घेऊन एक म्हातारी बसली होती, तिच्यापुढं रडता येईना.

एवढं सगळं आम्ही घरातच ठेवलं. आबांना आणि गुरुजींना तेवढं सांगितलं. वस्तीला कळलं असतं तर दारात रांग लागली असती, आणि यांना लोकांनी हळहळलेलं सहन होत नाही. गुरुजींनी दोन दिवस डोळ्याला रुमाल लावला आणि मग नाटकातला तरणा किल्लेदार म्हातारा करून टाकला. म्हाताऱ्याला दाढी लावता येते. दाढीखाली गळ्याची सूज झाकते.

दाढी करायचं काम माझ्याकडं आलं. आबांनी उरलेल्या चार मेंढरांतली पांढरी बघून कातरली, लोकर माझ्यापुढं आणून ठेवली. मी ती रिठ्याच्या पाण्यात घातली, धुतली, परत धुतली. काडी-कचरा, गोखरू वेचून काढले. उन्हात वाळवली, पिंजली. एरवी दाढ्या डिंकानं चिकटवायचो. या गळ्याला डिंक लावायची माझी छाती झाली नाही. मलमलीच्या पट्टीवर बट बट शिवून घेतली आणि पट्टी कानामागं बांधायला फिती लावल्या. नवऱ्याचं दुखणं झाकायला बायको लोकर शिवत बसलीय, असं कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. माझे हात चालत होते. डोकं पुण्याच्या त्या टेबलावर होतं.

अंगरख्याचं माप घेताना गळ्याला टेप लावला. आठवड्यानं अंगरखा अंगावर चढवून बघितला तर गळ्याचं बटण लागेना. परत टेप लावला. बोटभर फरक.

"गळा वाढलाय," मी म्हटलं.

"टेप जुना हाय तुजा. ताणला आसंल," हे म्हणाले, आणि आरशात बघून मिशी सारखी करू लागले. मी बटण काढून तिथं नाडी लावली, म्हणजे पुढं मागं करता येईल. शिवणक्लासमध्ये बाईंनी सगळं शिकवलं होतं, फिटिंग, कळ्या, चुण्या. रोज वाढणाऱ्या गळ्याला काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

इकडं छपरात तटाची भिंत उभी राहत होती. आधीच्या सालापर्यंत बारामतीहून रंगवलेले पडदे भाड्यानं आणायचे. या वेळी गुरुजींना खरीखुरी भिंत पाहिजे होती. बापूराव शेवटचा बोलणार तर पडद्यापुढं कशाला, असं त्यांच्या मनात होतं. ते मला कळत होतं, इतरांना नाही. सुबाभळीच्या वाश्यांचा सांगाडा, त्याला कळक, आणि त्यावर गोणपाटं उसवून, दाभणानं सुतळीनं जोडून ताणलेली. लांबून बघितलं तर गोणपाट दगडासारखं दिसतं. आता रंग तेवढा राहिला होता.

आणि तात्यांचा सरस संपला. रंग कपड्याला धरायला सरस लागतोच. बारामतीला जाऊन आणायला पाहिजे होता, पण तात्यांना घाई. त्यांनी विचार केला, की आपण घराच्या भिंतींना चुना देतो तेव्हा त्यात गूळ घालतोच. चुना धरतो, बोटाला लागत नाही. मग इथंही घालू. गुऱ्हाळ चार पावलांवर. त्यांनी गूळ आणला, कढवला, काकवीसारखा दाट केला आणि चुना, काव, काजळी सगळ्यात ओतला. हात सढळ. भिंत रंगवली ती काय सुंदर! भेगा दिसत होत्या, शेवाळ दिसत होतं. गुरुजी तर तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. वासही गोड येत होता. आमच्या भागात गुळाच्या वासाकडं कोण लक्ष देतो? हवेतच असतो तो.

सकाळी मी छपरात गेले तर भिंत चालत होती.

डोळ्यांवर विश्वास बसेना. काळेभोर मुंगळे. तळापासून बुरुजापर्यंत, एकावर एक, सगळा तट काळा झालेला आणि हलणारा. ऊन वर आलं तशा मधमाश्या आल्या, त्यांच्यामागं गांधीलमाश्या आल्या. चैत्रात रानं उघडी, पाटाला पाणी नाही. त्यांना ही मेजवानीच. यात्रा दुसऱ्या दिवसावर आली होती.

सगळी वस्ती जमली. तात्या कपाळावर हात मारून घेत होते. "च्यायला, अक्कल गेली माजी!" असं म्हणत धावत घरी गेले आणि उसाला हुमणी किडीसाठी वापरायची औषधाची पावडर घेऊन आले, पोतंभर. "सरका बाजूला. आत्ता धुरळून टाकतो. तासाभरात एक मुंगळा राह्यला तर नाव बदलीन."

मी भिंतीपुढं आडवी आले. "तात्या, पावडर मारायची न्हाय."

"आवं वयनी, मग काय आरती करू का मुंगळ्यांची?"

"काय बी करा. पावडर न्हाय."

"का पण? दर साली उसात मारतो की!"

लोक माझ्याकडं बघत होते. तात्यांनी मुठीत पावडर घेतली सुद्धा. माझा तोल गेला. मी ओरडले, "माझ्या माणसाला त्या भिंतीपुढं उभं राहून श्वास घ्यायचाय! कॅन्सर हाय त्यास्नी! गळ्याचा! यात्रा झाल्यावर आवाज काढून टाकणारेत!"

माश्यांची घूंघूं तेवढी ऐकू येत होती. तात्यांच्या मुठीतून पावडर खाली गळत होती. हे छपराच्या दारात उभे होते. कधी आले कळलंच नाही. माझ्याकडं असं बघितलं की मी आयुष्यात विसरणार नाही. मग पाठ फिरवून चालू लागले. मला वाटलं, झालं, संपलं. आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही, आणि बोलायला त्याच्याकडं दिवस तरी किती उरलेत?

तिथल्या तिथं पुढारी माणसांची कुजबुज सुरू झाली. काम दुसऱ्याला द्या, बापूला आराम द्या, नारळाचं बघू, देव समजून घेईल. मला ते हवंच होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा काठी टेकत पुढं आले. आबा मुळात कमी बोलणारे. म्हणाले, "त्याला बोलू द्या. फुडं सारा जलम गप बसायाचंय त्याला." पुढारी माणसांनी तो विषय सोडला. मीही सोडला.

थोरल्या जाऊबाई तोवर घरी जाऊन आल्या होत्या. एका हातात शेणाची पाटी, दुसऱ्या हातात चुलीतल्या राखेचं घमेलं. "सुमन, पदर खोच," मला म्हणाल्या. "सारवून काढू. शेण आन् राख आसली की मुंगळा वर चढत न्हाय. घर सारवतो तसं सारवू." मग एकेक बाई आली. ज्या बायांना तालमीच्या वाऱ्यालाही उभं करत नसत, त्या सगळ्या आल्या. आधी लिंबाच्या डहाळ्यांनी मुंगळे झाडले. किती जणींना चावले, किती जणींना गांधीलमाशी डसली, हिशेबच नाही. जाऊबाईंचा डोळा सुजून बंद झाला, तरी हात थांबेना. शेण, राख, पांढरी माती, बादल्यावर बादल्या. तात्यांचे सुंदर दगड, भेगा, शेवाळ सगळं आमच्या हातांखाली गेलं. तात्या लांब बसून लहान पोरासारखे रडत होते. मला त्यांची दया आली नाही. पुढं बऱ्याच दिवसांनी आली.

संध्याकाळी भिंत वाळायला लागली, आणि काय सांगू, किल्लाच झाला तो. बोटांचे फराटे दगडासारखे दिसू लागले. पण जड! ओल्या शेणामातीनं गोणपाटं लोंबली, सुबाभळीचे वासे वाकले. स्टेजवर उभी करताना बाप्यांच्या नाकी नऊ आले. मी देवळात जाऊन बसले. आत काय मागितलं ते सांगते. म्हटलं, देवा, मोड ही भिंत. मांडव उडव. वळवाचा पाऊस पाड, काय वाट्टेल ते कर, पण नाटक होऊ देऊ नको. मी आजच्या आज यांना पुण्याला घेऊन जाते. मग बाहेर आले आणि वाशांना सुतळीचे आणखी वेढे मारायला गेले. मागणं एक आणि हात करतात भलतंच, असं त्या आठवड्यात सारखं चाललं होतं.

पुढचं आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून आम्ही पुण्याला गेलो. ऑपरेशन झालं. उशीर केलात म्हणून डॉक्टर मला बोलले, यांना नाही. आजाऱ्याला कोण बोलणार? गाठ पसरायला लागली होती, आणखी थोडं कापावं लागलं, नंतर रेडिएशनचे शेक घ्यावे लागले, त्या पावसाळ्यात दोनदा आशा सोडली होती. पण माणूस राहिला. आजही आहे. ओट्यावर बसतात, मानेला मी शिवलेला मलमलचा रुमाल, हाक मारायची तर टाळी वाजवतात. ओठ हलवतात, मी ओळखते. नातवंडंही ओळखतात. भांडणसुद्धा होतं आमचं; मी तोंडानं, हे हातांनी. लोक म्हणतात, बाई नशिबाची आहेस. असेनही.

त्या नाटकाचं मात्र वस्तीत एकच बोललं जातं: त्या साली नाटक पडलं. बापूरावचा आवाज ऐन वेळेला गेला आणि नाटक पडलं. म्हातारी झालेली माणसं यांच्या देखत सांगतात, वाईट हेतूनं नाही, आठवण म्हणून. हे हसतात. मी उठून आत जाते. कारण लोक पुढं बसले होते, आणि मी मागं होते.

दिवेलागणीला पडदा वर गेला. मांडव गच्च भरलेला. पहिले दोन अंक कसे गेले मला कळलंच नाही. मी कुणाचा फेटा बांध, कुणाची तुमान उसवली तर टाका घाल, यातच. मध्ये यांना दाढी बांधली. बोलत नव्हतो आम्ही. आदल्या सकाळपासून एक शब्द नाही. मी कानामागं फिती बांधल्या, यांनी मान थोडी खाली केली, एवढंच. नाडी सैल करताना बोटं गळ्याला लागली. गळा तापला होता.

तिसरा अंक लागला आणि वारा आला. दुपारचा वारा त्या दिवशी उशिरा आला. मांडवाचं कापड फडफडलं, गॅसबत्त्या हलल्या, आणि भिंत करकरली. मी मागून बघितलं तर मधला वासा सुतळीतून सुटत होता. भिंत पुढं आली असती तर यांच्या अंगावरच. मी धावले, खांदा लावला. जाऊबाई आल्या, आणखी तिघी-चौघी आल्या. आम्ही पाय रोवून, गोणपाटाला हात, छाती, गाल जे सापडेल ते लावून, वासे मागं ओढून उभ्या राहिलो. शेणाचा ओला वास, राख नाकात, सुतळी हाताला कापत होती. आणि पलीकडून यांचा आवाज सुरू झाला.

मी यांचं काम दरसाल विंगेतून बघायची. त्या दिवशी काहीच दिसत नव्हतं. पण आवाज! कुठून आणला होता कोण जाणे. दिवाळीपूर्वीचा, भरलेला, मोकळा. जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं, त्यांच्या एका उघड्या डोळ्याला पाणी. मी म्हटलं, देवा, मी मागितलं होतं ते विसरून जा. होऊ दे नाटक.

भाषण अर्ध्यावर आलं असेल. एक शब्द वर चढता चढता फाटला. पुढचा आलाच नाही. विंगेतून गुरुजी वाक्य पुरवत होते, एकदा, दोनदा, रडक्या आवाजात. यांच्या गळ्यातून नुसता वारा गेल्यासारखा आवाज. लोकांनी थोडी वाट बघितली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज! आवाज!" माईक बिघडला म्हणून ओरडायची सवय आपल्या लोकांना. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "आवाज वाढवा! आवाज!" सगळा मांडव.

पावलं भिंतीकडं आली. किल्लेदार तटाला हात लावतो असं गुरुजींनी लिहिलंच होतं. पण हा हात चाचपत आला, गोणपाटावरून सरकत, आणि माझ्या तळव्याचा फुगवटा लागला तिथं थांबला. मग कपाळ टेकलं. माझ्या आणि त्यांच्या मध्ये एक गोणपाट आणि बोटभर शेण. त्यांचा श्वास मला लागत होता. आवाज नव्हताच, श्वासाचेच शब्द झाले होते.

"अगं," ते म्हणाले, "मला न्हाय जायाचं गं तितं. लई भ्या वाटतंय मला. पयल्या दिसापासनं वाटतंय. नाटकाचं निमित करत होतो. दुसरं काय न्हाय. तू हाइस का?"

"हाय," मी म्हटलं. "हितंच हाय. धरलंय मी."

"सोडू नगस."

पुढं शिट्ट्या चालल्या होत्या, कुणीतरी खुर्ची आपटत होतं, सगळा मांडव "आवाज, आवाज" म्हणून ओरडत होता. मला तर शब्द न् शब्द ऐकू येत होता.